पेला कितीही घासा, ओल कपाटात आहे

गणपतीच्या दोन दिवस आधी माळ्यावरून काचेच्या पेल्यांचा खोका काढला. लग्नात आलेला, सहा पेल्यांचा, प्रत्येक पेला वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पहिल्याचा कागद सोडला आणि तो पावसाळी कुबट वास नाकात शिरला. पेल्याच्या आत, तळापासून दोन बोटं वर, रुपयाच्या नाण्याएवढा करडा ठिपका. लेकाच्या भिंगातून पाहिला तर मधून चहूकडे पसरत गेलेले बारीक धागे आणि त्यांच्या टोकांना हिरवट दाणे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काचच ती. घास, जाईल." घासला, गेलाही. पुढच्या भाद्रपदात खोका उघडला तर सहापैकी चार पेल्यांवर ठिपके.

पावाला, चामड्याच्या चपलेला, लाकडाला बुरशी येते हे समजतं. काचेला का यावी?

काचेत बुरशीनं खावं असं काहीच नाही. आपल्या घरातली साधी काच म्हणजे सत्तर टक्क्यांहून थोडी जास्त वाळू, तेरा-पंधरा टक्के सोडा, बाकी मुख्यतः चुना. बुरशी जगते ती काचेवरच्या थरावर. आपल्या बोटांचं तेल, फोडणीबरोबर उडून घरभर बसणारा चिकटा, सरबतातल्या साखरेचा अंश, कागदाची धूळ. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण ओळखायची सोपी युक्ती आहे. पेला नुसत्या पाण्यानं विसळून तिरका धरा. पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. थेंब थेंब होऊन मधेच तुटलं, तर तिथे तेलकटपणा आहे. माझे "चकचकीत" पेले या परीक्षेत सगळे नापास झाले.

बुरशीला एवढंसं अन्न पुरतं. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर सैनिकांच्या दुर्बिणींच्या भिंगांवर आतून बुरशी धरायची आणि दुर्बिणी कामातून जायच्या. भिंगांवरची धूळ, जोडाला लावलेलं ग्रीस एवढ्यावर तिचं भागायचं. आपल्याकडेही ज्यांनी जुना कॅमेरा दोन पावसाळे कपाटात ठेवलाय, त्यांनी लेन्समधलं ते कोळिष्टक पाहिलं असेल.

बुरशीचे बीजाणू तर हवेत असतातच. घर कितीही पुसा, खिडकीतून नवे येतात. त्यामुळे बीजाणू रोखणं आपल्या हातात नाही, चिकटा शंभर टक्के काढणंही नाही. हातात राहते एकच गोष्ट, ओल.

हवा किती पाणी पिते

ओल म्हटलं की आपल्याला गळका नळ नाहीतर पाझरणारी भिंत आठवते. कपाटातल्या बुरशीमागे बहुतेक वेळा साधी हवा असते.

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं, आणि ते किती मावणार हे तापमान ठरवतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत, म्हणजे उभ्या लोखंडी कपाटात मावेल तेवढ्या हवेत, साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. २५ अंशांना २३ ग्रॅम, २० अंशांना १७. मोबाइलवर हवामान बघताना 'आर्द्रता ८० टक्के' दिसतं, त्याचा अर्थ जेवढी वाफ मावू शकते तिच्या ८० टक्के आत्ता हवेत आहे. ३० अंशांना ८० टक्के म्हणजे सुमारे २४ ग्रॅम.

आता ही हवा कपाटात शिरली आणि कपाटाच्या थंड पाठीला टेकली. पलीकडच्या खोलीत एसी चालू असेल किंवा भिंत पावसानं भिजून गार पडली असेल, तर ती पाठ समजा २४ अंशांची आहे. २४ अंशांच्या हवेत जेमतेम २२ ग्रॅम मावतात. वरचे दोन ग्रॅम तिथेच पाणी होऊन बसतात. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तेच हे. नळ गळत नाही, भिंत फुटलेली नाही, तरी कपाटाची पाठ ओलसर लागते ती यामुळे.

बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस ७५-८० टक्क्यांच्या आसपास राहिली की बऱ्याच जातींचं काम होतं. चामडं, पट्टे, जुन्या फायली यांवर पहिल्यांदा येणारी हिरवट-करडी भुकटी याच कमी पाण्यात भागवणाऱ्या जातींची. म्हणून घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असं सांगतात. सांगायला सोपं. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये बाहेरचीच हवा ८५-९० टक्क्यांवर असते. तेव्हा "खिडक्या उघडा, हवा खेळू द्या" हा सल्ला अर्धाच खरा. उघडीप असेल, ऊन पडलं असेल तर कपाटं जरूर उघडावीत. संततधार लागली असताना कपाट सताड उघडं ठेवणं म्हणजे ओलीला आवतण. एसी लावून खिडकीही उघडी ठेवणाऱ्यांना तर काय म्हणावं!

यात स्वयंपाकघर आपली भर घालतं. गॅस जळतो तेव्हा धूर दिसत नाही, पण पाणी तयार होतं. गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याची वाफ होते. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोच्या थोडं वर पाणी. म्हणजे घरगुती १४.२ किलोचा एक सिलिंडर संपतो तोवर ओट्यासमोरच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी सोडून गेलेला असतो. भाताची, डाळीची वाफ वेगळीच. हा हिशेब कागदावर मांडला त्या दिवसापासून मी चहा करतानाही एक्झॉस्ट लावते. फोडणीपुरता लावायचा ही आमच्या घरची जुनी सवय होती. ओट्यावरच्या कपाटांत काचेचं सामान ठेवायची आपली पद्धत या हिशेबात वाईटच. वाफ आणि तेल दोन्ही सरळ वरच जातात.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशी नव्हे

काचेवरच्या प्रत्येक डागाला बुरशी समजून लोक औषधं फवारत बसतात. पांढुरका डाग तीन तऱ्हांचा असू शकतो आणि तिघांचे इलाज निराळे.

साबणाच्या गरम पाण्यानं तो गेला तर बुरशी किंवा तेलाचा थर होता. ठिपक्यांना केसाळ कडा आणि कुबट वास असेल तर बुरशीच.

साबणानं नाही गेला तर लिंबू किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं थांबा. बारीक बुडबुडे आले, डाग सुटला, तर तो पाण्यातला क्षार. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा रोजचाच.

दोन्हींनी नाही गेला तर काचच झिजली आहे. ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ओली काच ओल्या काचेवर दाबून बरेच दिवस राहिली की मधलं अडकलेलं पाणी काचेतला सोडा हळूहळू ओढून घेतं. ते पाणी अल्कधर्मी होतं आणि उलटून काचेलाच खायला लागतं. एकात एक घातलेले पेले सुटता सुटत नाहीत आणि सुटल्यावर गळ्याशी धुरकट वळं दिसतं, ते हेच. खिडक्यांची तावदानं विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. काचांच्या थप्पीत पाणी शिरलं की इंद्रधनुषी डाग पडतो, म्हणून काचांच्या मधे कागद किंवा भुकटी घालतात. झिजलेली काच घासून परत येत नाही. कोणी "हमखास उपाय" सांगत असेल तर पैसे वाचवा.

धुणं

काच धुण्यात फारसं शास्त्र नाही. भांड्यांचा साबण, सोसवेल इतकं गरम पाणी, मऊ घासणी, मग दोन पाण्यांनी विसळणं. थंड पेल्यात एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकेल. अरुंद तोंडाच्या बाटलीत मूठभर तांदूळ आणि साबणाचं कोमट पाणी घालून जोरात हलवलं की तळाचा थरही निघतो. एवढं करून वास राहिलाच तर एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे साधं ब्लीच, त्यात दहा मिनिटं बुडवून पुन्हा भरपूर पाण्यानं धुवायचं. सोनेरी कडेच्या पेल्यांना मात्र ब्लीचही नको आणि व्हिनेगरही नको.

ब्लीच काढलंच आहे तर एक गोष्ट मोठ्यानं सांगते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो फुप्फुसांना भाजून काढतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावणाबरोबरही नको. "दोन्ही घातलं तर जास्त साफ होईल" हा हिशेब इथे जिवाशी येतो.

बरणीचं झाकण वेगळं बघा. काच निष्पाप असते, बुरशी झाकणाच्या रबरी रिंगखाली लपलेली असते. जुन्या झाकणांत पुठ्ठ्याची चकती यायची, ती तर काढून फेकाच. लोणच्याच्या बरणीत बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं वाढू नये. धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असू शकतात, आणि काही बुरश्यांचं विष शिजवूनही जात नाही. वरून चार बोटं तेल ठेवायची आणि ओला चमचा घालू न द्यायची आजीची कटकट उगाच नव्हती.

कपाट

आता मुख्य आरोपी.

आधी ओल भिंतीतून येते की हवेतून, ते ठरवा. कपाट रिकामं करून मागच्या भिंतीवर वीतभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. मग पाइप, गच्ची, बाहेरचं प्लास्टर यांच्याकडे बघायचं, कपाट घासून काही होणार नाही. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर ओल हवेतली. भिंतीवर मिठासारखं पांढरं फुटलं असेल आणि पाणी लावताच विरघळत असेल, तर ते भिंतीतले क्षार आहेत, बुरशी नव्हे. बुरशी पाण्यात विरघळत नाही.

साफ करताना कोरड्या फडक्यानं किंवा झाडूनं झटकू नका. ते हिरवट दाणे म्हणजेच बीजाणू, एका फटकाऱ्यात खोलीभर होतात. नाकाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं दर वेळी धुवायचं. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. मेलेली बुरशीही शिंका काढते, म्हणून नुसतं औषध मारून डाग तसाच ठेवणं पुरत नाही, तो पुसून काढायलाच लागतो.

सनमायका लावलेल्या फळीला सौम्य ब्लीच चालतं. उघड्या लाकडावर मात्र ते वरचा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी लाकडात मुरतं. डाग दिसेनासा होतो, धागे आत राहतात. उघडं लाकूड साबणानं पुसून, पंख्याखाली दोन दिवस वाळवून, गरज पडल्यास बारीक सँडपेपर मारून, मग पॉलिश करून बंद करायचं. कडा विसरू नका, प्लायवूड पाणी पितं ते कडांमधून. फुगून फुललेल्या पार्टिकल बोर्डाची फळी बदलून टाका, तिच्यावर माया करू नका. आणि कडप्प्याची मांडणी असेल तर व्हिनेगर, लिंबू तिला लावूच नका. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लानं त्याची झिलई उडते.

ओल शोषायचे घरगुती उपाय ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. कापूर वास देतो, ओल घेत नाही. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, आणि ताटवाट्यांच्या कपाटात त्या नसाव्यातच. वाटीभर तांदळानं कपाट कोरडं होत नाही. कोळसा वास ओढतो, ओल थोडीच.

सिलिका जेल खरोखर ओल घेतं, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. मग बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या का पुरत नाहीत? मगाचचं गणित पुढे नेऊ. कपाटाच्या हवेतली आर्द्रता ८० वरून ६० वर आणायला सहा-सात ग्रॅम पाणी काढावं लागतं, चहाचा दीड चमचा. हे सोपं वाटतं. पण वीस किलो प्लायवूडच्या पोटात याच दोन आर्द्रतांच्या दरम्यान जवळपास लिटरभर पाण्याचा फरक असतो. हवा कोरडी होताच लाकूड आणि फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र ते बाहेर सोडतात. त्यात दार दिवसातून दहा वेळा उघडतं. लिटरभर पाण्याला तीन किलो जेल लागेल. पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी, कपाटात नाहीत.

बाजारात पांढऱ्या खड्यांच्या डब्या मिळतात, ज्यांच्या तळाशी पाणी साचतं. ते कॅल्शियम क्लोराइड. जेलपेक्षा बरंच जास्त पाणी ओढतं. पण साचलेलं पाणी खारट असतं, सांडलं तर लाकूड आणि बिजागऱ्या खातं. डबी सपाट जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची आणि भरली की टाकायची.

मला सगळ्यांत आवडलेला उपाय जुन्या फोटोग्राफर मंडळींचा. कॅमेऱ्याच्या कपाटात ते पिवळा दिवा जळता ठेवायचे. दिवा पाणी शोषत नाही, नुसती हवा गरम करतो. ३० अंशांची, ८० टक्क्यांची हवा पाणी तेवढंच ठेवून ३५ अंशांवर नेली की तिच्यात जवळजवळ ४० ग्रॅम मावतात. पाणी आहे २४ ग्रॅम. आर्द्रता उतरली ६१ टक्क्यांवर. यासाठी तारेचा जुना दिवाच हवा, एलईडी एवढी ऊब देत नाही. आपण ज्याला झिरोचा म्हणतो तो दिवाही खरं तर दहा-पंधरा वॅटचा असतो आणि लहान कपाटाला पुरतो. पण वायर जुनी असेल, जवळ कागद-कापड असेल, तर हा उद्योग नको.

एक खुलासा करायला हवा. कपाटात काळे ठिपके दिसले की २०२१च्या कोविड लाटेतली 'काळी बुरशी' आठवून पोटात गोळा येतो. त्या आजाराचं नाव म्युकरमायकोसिस. तो ज्या बुरशीनं होतो ती स्वतः काळी नसते, तिनं रक्तपुरवठा तोडलेली माणसाच्या शरीरातली जागा काळी पडते. मधुमेह बेसुमार वाढलेला आणि स्टिरॉइडची औषधं चालू, अशांना तिनं गाठलं. कपाटातले काळे ठिपके सहसा निराळ्याच बुरश्यांचे असतात. ॲलर्जी, दमा असणाऱ्यांना त्यांचा त्रास होतो, आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी ही साफसफाई दुसऱ्यावर सोपवावी. धडधाकट माणसानं घाबरून कपाट जाळायची गरज नाही.

आमच्याकडे काय झालं? पेले माळ्यावरून खाली आले. माळ्याची ती भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा थेट तिच्यावर. आता ते बैठकीच्या खोलीत आतल्या भिंतीच्या कपाटात आहेत आणि कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढलंय. खोका आणि वर्तमानपत्र रद्दीत गेलं. पेले एकात एक नाहीत. ते पालथे ठेवावेत की उताणे यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत नाही. त्या धुळीसाठी पालथे म्हणतात, मी ओलीसाठी उताणे. शेवटी फळीवर जाळीदार रबरी चटई घातली आणि तिच्यावर पालथे ठेवले, खालून हवा जाते. तीनशे-चारशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, तेही आत ठेवलंय. श्रावणात ते ७१ दाखवत होतं, साठ काही गाठता आले नाहीत. पण पेले स्वच्छ राहिले, बहुधा तेलकटपणा गेल्यामुळे आणि कागद नसल्यामुळे.

तो पहिला पेला अजून वापरात आहे. धुतल्यावर कुठे काही दिसत नाही. पण आत तोंड नेऊन 'हा' करून वाफ सोडली की तळापासून दोन बोटं वर, रुपयाएवढं वर्तुळ क्षणभर उमटतं आणि विरून जातं. लेकाला हा खेळ फार आवडतो. सरबत त्याला त्याच पेल्यातून लागतं.